शीड, तोफ आणि फुटके भांडे: अठराव्या शतकातील ब्रिटिश व्यंगचित्रांतला दर्यावर्दी चावटपणा कसा वाचावा

नोव्हेंबर १८०० मध्ये लंडनच्या पिकॅडिलीतील एस. डब्ल्यू. फोर्स या चित्रविक्रेत्याने आयझॅक क्रुकशँकचे म्हणून ओळखले जाणारे एक व्यंगचित्र बाजारात आणले. नाईलच्या लढाईचा विजेता, ब्रिटिश आरमाराचा सेनानी होरेशिओ नेल्सन तेव्हा नुकताच इंग्लंडला परतला होता आणि लंडनच्या लॉर्ड मेयरकडे त्याच्यासाठी मेजवानी झाली होती. त्या मेजवानीनंतर पाहुणे लांब दांड्याच्या चिलमी ओढत बसले आहेत, असे ते दृश्य आहे. नेल्सनजवळ त्याची प्रेयसी एमा हॅमिल्टन आहे आणि तिचा वयस्क नवरा सर विल्यम हॅमिल्टनही तेथेच आहे. एमा नेल्सनला सांगते की म्हाताऱ्याची चिलीम सदा विझलेलीच असते, तुमची मात्र कशी जोमाने पेटली आहे. त्यावर नेल्सन तिला असा काही धूर देण्याचे कबूल करतो, की पुरी ब्रॉडसाइडच तिच्यात रिकामी होईल.

चिलमीचा विनोद कळायला कोणालाही शब्दकोश लागत नाही, परंतु ब्रॉडसाइडचा विनोद अर्धाच कळतो. ब्रॉडसाइड म्हणजे युद्धनौकेच्या एका बाजूच्या सगळ्या तोफा एकदम डागणे. ज्या माणसाने आपले नाव, पदवी आणि एक हात आरमारी लढायांच्या पायी मिळवला किंवा गमावला, तो शयनगृहाची भाषाही गोदीतूनच उचलतो, हा त्या वाक्याचा खरा चिमटा आहे. शिवाय एका बाजूला छापलेल्या, रस्त्यावर विकल्या जाणाऱ्या गाण्याच्या किंवा बातमीच्या कागदालाही इंग्रजीत ब्रॉडसाइडच म्हणत, म्हणजे नेल्सन ज्या गोष्टीची धमकी देतो आहे तिचीच सख्खी बहीण गिऱ्हाइकाच्या हातात आहे.

या प्रकारची चित्रे वाचताना बहुतेक जण चावट अर्थावर आधी उडी मारतात आणि तेथेच थांबतात. माझा अनुभव असा आहे की क्रम नेमका उलटा ठेवावा लागतो: आधी जहाजावरचा सरळ, कामाचा अर्थ पक्का करावा, मग वात्रट अर्थ त्यावर बसवून पाहावा. तमाशातल्या गवळणीत मावशी अगदी सरळ बोलते आणि हसे पिकते ते समोर बसलेल्यांच्या मनात. येथेही बोलणारा खलाशी आपल्या धंद्याचीच भाषा बोलत असतो. त्या धंद्याची भाषा न शिकता हसणारा वाचक विनोदाचे टरफल तेवढे खातो. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: तळाची बारीक ओळ

चित्र पाहण्याआधी त्याच्या तळाशी कोरलेली बारीक ओळ वाचावी. चित्रकार विल्यम होगार्थ आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या खटपटीमुळे १७३५ मध्ये कोरीव चित्रांच्या हक्काचा कायदा झाला, आणि त्याचे संरक्षण मिळावे म्हणून प्रकाशनाचा दिवस व मालकाचे नाव छपाईच्या पत्र्यावर कोरण्याची रीत पडली. त्यामुळे अडीचशे वर्षांपूर्वीच्या या कागदांवर आजच्या वर्तमानपत्राइतकी नेमकी तारीख सापडते. ती वहीत सर्वांत आधी उतरवून घ्यावी, कारण पुष्कळदा विनोद त्या आठवड्याच्या कुजबुजीवर उभा असतो.

दुकानाचे नावही तेवढेच बोलके असते. सेंट पॉल्स चर्चयार्डमधील ६९ क्रमांकाच्या दुकानातून कॅरिंग्टन बोल्स आणि फ्लीट स्ट्रीटवरून रॉबर्ट सेयर हे मेझोटिंट पद्धतीची, मऊ छायांची हलकीफुलकी चित्रे विकत. त्यांत खरी माणसे क्वचित असतात. असतात ते नमुने, म्हणजे पगार खिशात घेऊन किनाऱ्यावर उतरलेला जॅक टार नावाचा खलाशी, नटलेली बाई, खाणावळीची मालकीण. याउलट फोर्स, विल्यम हॉलंड आणि जेम्स गिलरेची चित्रे विकणारी हॅना हम्फ्री यांच्याकडे तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने कोरलेली, हाताने रंगवलेली आणि नावागावाच्या माणसांवर नेम धरलेली चित्रे मिळत. पहिल्या प्रकारात शोधायचा असतो तो शब्दांचा खेळ, दुसऱ्यात आधी माणूस आणि मग शब्द. हा फरक लक्षात ठेवला नाही तर बोल्सच्या एखाद्या साध्या खलाशात आपण उगीच एखादा सरदार शोधत बसतो.

चित्रे पाहायला लंडनला जाण्याची गरज नाही. ब्रिटिश म्युझियमचा संग्रह त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतो आणि व्यंगचित्रांची जुनी अकरा खंडांची सूची त्यात मिसळलेली आहे. तिचे पहिले खंड एफ. जी. स्टीव्हन्स यांनी केले आणि १७७१ पासून पुढचे एम. डोरोथी जॉर्ज यांनी. जॉर्ज यांची वर्णने या विषयातली सर्वांत भरवशाची आहेत. फक्त १९३५ ते १९५४ या काळातल्या संयमाने लिहिलेली असल्यामुळे चावट तपशिलापाशी त्या एक शब्द टाकून पुढे सरकतात. ते सरकणे ओळखू येऊ लागले की सूचीही एक प्रकारे खुणावू लागते. ग्रिनिचचे नॅशनल मेरिटाइम म्युझियम, अमेरिकेतील येल विद्यापीठाचे लुइस वॉलपोल ग्रंथालय आणि लायब्ररी ऑफ काँग्रेस यांच्याकडेही मोठे संग्रह आहेत.

दुसरी पायरी: शीर्षक मोठ्याने म्हणणे

शीर्षक डोळ्यांनी नव्हे, तोंडाने वाचावे, कारण या चित्रांतले निम्मे श्लेष उच्चारात आहेत. जुन्या छपाईतला लांबट एस हा एफसारखा दिसतो, म्हणून ‘सेल’ हा शब्द नवशिक्याला ‘फेल’ वाटतो. ‘ये’ असे दिसणारे अक्षर बहुतेक वेळा ‘द’ असते. नावांची मधली अक्षरे गाळून तेथे रेघा मारलेल्या असतात. बदनामीच्या दाव्यापासून पळवाट म्हणून ही सोय होती, पण रिकामी जागा भरण्याचे काम वाचकाकडे सोपवल्यामुळे तिचा विनोदालाही उपयोग होई.

ऑक्टोबर १७९१ मधले गिलरेचे चित्र घ्या. राजपुत्र विल्यम, म्हणजे ड्यूक ऑफ क्लॅरेन्स आणि पुढचा चौथा विल्यम राजा, हा आरमारात वाढलेला माणूस. तो वयाच्या तेराव्या वर्षी जहाजावर गेला होता. त्याने त्या काळात अभिनेत्री डोरा जॉर्डन हिच्याशी घरोबा केला. ती त्याआधी रिचर्ड फोर्ड या वकिलाबरोबर राहत असे. चित्राच्या लांबलचक शीर्षकाचा आशय असा आहे, की जॉर्डन नदी ‘फोर्ड’ करून, म्हणजे उथळ पाण्यातून चालत ओलांडून, समुद्रदेव नेपच्यून आता विसावला आहे. फोर्ड हे जुन्या यजमानाचे नाव, जॉर्डन हे बाईचे आणि नेपच्यून हा आरमारी राजपुत्र. मी पहिल्यांदा हे शीर्षक वाचले तेव्हा बायबलातली नदी तेवढी दिसली आणि एक संपूर्ण संध्याकाळ इस्रायली लोकांच्या नदी ओलांडण्याच्या कथेत घालवली. मोठ्याने म्हटले असते तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता.

त्याच शीर्षकाचा आरंभ ‘द डेव्हिल टू पे’ असा आहे. हे डोरा जॉर्डनने रंगभूमीवर गाजवलेल्या एका संगीत प्रहसनाचे नाव आहे आणि खलाशांची म्हणही आहे. जहाजावर ‘पे’ करणे म्हणजे पैसे देणे नव्हे, तर लाकडी फळ्यांवर आणि सांध्यांवर गरम डांबर ओतून ते बुजवणे. सैतानाला डांबर फासायचे आहे आणि डांबर तर तापलेलेच नाही, अशी ती म्हण आहे. म्हणजे गळ्याशी आलेली अडचण.

तिसरी पायरी: जहाज शिकणे

येथे घाई करू नये. विल्यम फाल्कनरचा १७६९ चा दर्यावर्दी कोश हाताशी असावा. तो जुन्या प्रतींच्या छायाप्रतींत सहज मिळतो. प्रत्येक शब्दाचा कामाचा अर्थ वहीत एका वाक्यात लिहावा आणि तोपर्यंत हसू नये.

ब्रिटिश आरमारात युद्धनौकांचे सहा दर्जे होते. पहिल्या दर्जाची नौका, म्हणजे फर्स्ट रेट, तीन तोफमजल्यांची, शंभर किंवा अधिक तोफांची, अवाढव्य, खर्चिक आणि डौलदार. फ्रिगेट ही त्यामानाने हलकी व वेगवान. ती मुख्य लढाईच्या रांगेत उभी राहत नसे, एकटी फिरून टेहळणी आणि शिकार करी. प्रायव्हटीअर हे खासगी मालकीचे गलबत, सरकारी सनद घेऊन शत्रूची व्यापारी जहाजे लुटणारे. त्याने पकडलेल्या जहाजाला प्राइझ म्हणत. फायरशिप म्हणजे जळाऊ सामान भरून, पेटवून शत्रूच्या ताफ्यात सोडून दिलेले जुने जहाज. रिगिंग म्हणजे डोलकाठ्या, शिडे आणि दोरखंड यांचा सगळा सरंजाम.

आता १७८२ मध्ये बोल्सने काढलेल्या एका चित्राचे शीर्षक पाहा: दोन फर्स्ट रेट नौकांनी एका श्रीमंत प्रायव्हटीअरला सुखरूप बंदरात आणले. चित्रात समुद्र नाही. दोन झोकदार बायकांच्या मधोमध एक खूश खलाशी आहे. सरळ अर्थ माहीत नसेल तर विनोद एवढाच उरतो, की खलाशाला बायका भेटल्या. तो माहीत असेल तर चित्र उलटे होते. लुटणे हा प्रायव्हटीअरचा धंदा, आणि येथे लूट भरून आलेला तोच लुटला जाणार आहे. दोन प्रचंड युद्धनौकांच्या मध्ये सापडलेल्या गलबताला ‘सुखरूप’ म्हणणे यातच सगळी मेख आहे.

हा त्रिकोण, म्हणजे खलाशी, पैसा आणि बाई, इतक्या चित्रांत का येतो याला कारण आहे. आरमारातील कुशल खलाशाचा पगार १६५३ मध्ये महिना २४ शिलिंग ठरला आणि तो १७९७ मध्ये स्पिटहेडला झालेल्या खलाशांच्या बंडापर्यंत बदलला नाही. तोही महिनोन्महिने थकत असे. पळून जातील या भीतीने पुष्कळ खलाशांना बंदरात किनाऱ्यावर उतरू देत नसत, तेव्हा होड्या भरभरून बायकाच जहाजावर येत. त्यामुळे थकलेला पगार किंवा प्राइझचा वाटा एकदम हातात पडून जो माणूस किनाऱ्यावर उतरे, तो पोर्ट्समथच्या सराईवाल्यांपासून बोल्सच्या चित्रकारांपर्यंत सर्वांच्या नजरेत येई. टॉमस रोलँडसनने १८१४ मध्ये पोर्ट्समथच्या धक्क्याचे जे गर्दीचे चित्र काढले ते शतक उलटल्यानंतरचे असले तरी हे सगळे एका नजरेत पाहायला त्याच्याइतके चांगले दुसरे काही नाही.

चौथी पायरी: गल्लीची बोली

सरळ अर्थ झाला की फ्रान्सिस ग्रोस याचा १७८५ चा ग्राम्य बोलीचा कोश उघडावा. त्यात फ्रिगेट या नोंदीखाली, चांगले शीड-दोर चढवलेले फ्रिगेट म्हणजे चांगली नटलेली पोरगी, असा अर्थ दिला आहे. फायरशिप म्हणजे गुप्तरोग असलेली बाई. रोगाचा दाह आणि पेटते जहाज यांची ही जोडी क्रूर आहे, परंतु ती समजल्याशिवाय पुष्कळ चित्रांतला कोपऱ्यातला धूर समजत नाही. ज्या शहरात गुप्तरोगांसाठी लॉक हॉस्पिटल हे स्वतंत्र रुग्णालय १७४७ पासून चालू होते, तेथे गिऱ्हाइकाला तो सांगावा लागत नसे. जॉर्डन म्हणजे शयनगृहात ठेवायचे मूत्रपात्र. क्रॅक म्हणजे एरवी तडा, बोलीत वेश्या.

या शेवटच्या दोन शब्दांनिशी गिलरेच्या नोव्हेंबर १७९१ मधील ‘लबर्स होल’ या चित्राकडे जावे. एक भलेमोठे, तडा गेलेले मूत्रपात्र बाईच्या पायांवर उभे आहे आणि त्या तड्यात ड्यूक ऑफ क्लॅरेन्स डोक्याकडून आत शिरतो आहे; त्याचा कोट बाजूला टांगला आहे आणि तोंडी दोर ओढताना खलाशी देतात तशी आरोळी आहे. इतके उघडे चित्र आहे की यात वाचायचे ते काय राहिले, असे वाटेल. पण लबर्स होल म्हणजे काय? डोलकाठीवर मध्ये एक लाकडी माची असते. तिच्यावर चढण्याचे दोन मार्ग असतात. कसलेला खलाशी माचीच्या बाहेरून, पाठ समुद्राकडे झोकून, दोरांना लटकत वर जातो. घाबरट किंवा नवखा माणूस डोलकाठीलगतच्या भोकातून अलगद वर येतो. ते भोक म्हणजे लबर्स होल, अडाण्याची वाट. म्हणजे गिलरे बाईवर घाण टाकतोच, पण राजपुत्राला जे बोलतो ते त्याहून वर्मी लागणारे आहे: आरमाराचा गणवेश मिरवणारा हा माणूस सोप्या भोकातून चढणारा आहे. पहिला अर्थ कोणत्याही दारुड्याला कळला असता. दुसरा कळायला जहाजावर गेलेले असावे लागे, आणि ड्यूक गेलेला होता.

पाचवी पायरी: दोन साक्षीदार

वस्तूंच्या बाबतीत मी एक नियम पाळतो. चित्रातली एकटी तोफ, दुर्बीण, नांगर किंवा डोलकाठी यांना चावट अर्थ लावायचा नाही. त्या वस्तूच्या बाजूने दुसरा साक्षीदार हवा: शीर्षकातला शब्द, कोणाच्या तोंडचे वाक्य, भिंतीवरच्या चित्रातला विषय किंवा वस्तूची मुद्दाम साधलेली जागा. खिडकीतून दिसणारे जहाज हे पुष्कळदा फक्त इतकेच सांगते की हा माणूस खलाशी आहे. हा नियम नसेल तर माणसाला सगळीकडे तेच दिसू लागते, आणि अशा वाचकाशी बोलणे फार लवकर कंटाळवाणे होते.

काही खुणा मात्र ठरलेल्या आहेत. भिंतीवरची चौकट कधीही रिकामी सोडू नये. चित्रातले चित्र हे बहुधा कानात सांगितलेले उत्तर असते. फुटलेले भांडे म्हणजे गेलेले कौमार्य किंवा गेलेली अब्रू. आणि नवऱ्याच्या डोक्यावर किंवा डोक्यामागे नेमकी जुळून आलेली शिंगे म्हणजे त्याची बायको दुसऱ्याची झाली आहे. मराठी वाचक येथे हमखास चुकतो, कारण आपल्याकडे शिंगे फुटतात ती उद्धटाला आणि शिंगे मोडून जो वासरांत शिरतो तो वयाला न शोभणारा रंगेल. इंग्रज नवऱ्याला शिंगे फुटतात ती त्याने काहीही न करता.

सहावी पायरी: एक चित्र जवळून

आता या सगळ्या पायऱ्या एका चित्रावर चालून पाहू. गिलरेचे ‘डायडो इन डिस्पेअर’, तारीख ६ फेब्रुवारी १८०१, हॅना हम्फ्रीचे प्रकाशन, ब्रिटिश म्युझियमच्या सूचीत क्रमांक ९७५२.

तारखेपासून सुरुवात करावी. जानेवारी १८०१ मध्ये नेल्सन पुन्हा आरमारी कामगिरीवर निघून गेला होता. त्याच महिन्याच्या शेवटी एमाने त्याच्या मुलीला, होरेशियाला, लंडनमध्ये गुपचूप जन्म दिला. चित्र त्यानंतर आठ-दहा दिवसांतले आहे. गिलरेला बाळंतपणाची खबर होती असे म्हणण्याची गरज नाही. एमाचे वाढलेले शरीर सर्वांनी पाहिले होते आणि त्याने ते चित्रभर पसरले आहे.

शीर्षक घ्या. डायडो ही कार्थेजची राणी. व्हर्जिलच्या महाकाव्यात ईनियस तिला सोडून जहाजाने निघून जातो आणि ती चितेवर प्राण देते. म्हणजे ही विरहिणी आहे, आणि तिला सोडून जाणारा समुद्रावरचा वीर आहे. आपल्या लावणीतली विरहिणी सडपातळ होत जाते, बांगड्या सैल होतात. गिलरेची डायडो रात्रीच्या पोशाखात पलंगावरून उठली आहे, हात फेकले आहेत, आणि ती इतकी अगडबंब आहे की चितेला लाकडे पुरायची नाहीत.

खाली चार ओळींचे पद आहे. तो माझा शूर खलाशी कोठे गेला, असे ती विचारते. तो फ्रेंचांशी लढायला, उरलेला हात आणि उरलेला डोळा गमवायला गेला, आणि मला या जुन्या पुराणवस्तूंबरोबर लोळून रडायला ठेवून गेला. नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी १७९४ मध्ये कोर्सिकातील काल्व्ही येथे गेली आणि उजवा हात १७९७ मध्ये टेनेरिफला. पदाची चाल एका स्कॉटिश विरहगीताची आहे, आणि ते गीत १८०० च्या सुमारास ड्रुरी लेनच्या रंगभूमीवर लोकप्रिय करणारी गायिका म्हणजे तीच डोरा जॉर्डन. एका आरमारी राजपुत्राच्या सहचरीचे गाणे गिलरेने दुसऱ्या दर्यावीराच्या प्रेयसीच्या तोंडी घातले आहे; दुकानाच्या खिडकीशी उभे राहून ज्यांनी ते गुणगुणले असेल त्यांना हा टोमणा फुकटात मिळाला.

आता पुराणवस्तू. सर विल्यम १७६४ पासून १८०० पर्यंत नेपल्समध्ये ब्रिटिश राजदूत होता आणि प्राचीन वस्तूंचा नामांकित संग्राहक होता. इझर्निया या गावी चालणाऱ्या लिंगपूजेच्या अवशेषांवर त्याने लिहिलेले पत्र १७८६ मध्ये छापून आले होते. गिलरेने जमिनीवर जुन्या मूर्तींचा ढीग टाकला आहे आणि त्यांतल्या काही सभ्य नाहीत. पदातली ‘जुनी पुराणवस्तू’ मात्र पलंगाच्या पडद्याआड, रात्रीची टोपी घालून झोपली आहे: सत्तरीचा नवरा. खिडकीपाशी उघड्या पडलेल्या पुस्तकात एक नग्न स्त्री पहुडलेली आहे आणि त्याचे नाव ‘अ‍ॅटिट्यूड्स’चे अभ्यासचित्र असे आहे. नेपल्समध्ये एमा प्राचीन शिल्पांसारख्या मुद्रा घेऊन पाहुण्यांना दाखवी, तिला अ‍ॅटिट्यूड्स म्हणत. नोव्हेंबरातल्या धूम्रपानाच्या चित्राच्या नावातही हाच शब्द होता. शृंगाराच्या मेजावर माराशिनो या मद्याची बाटली आहे, गालांना लावायचा रंग आहे.

आणि खिडकीबाहेर शिडे फुगवून निघालेला ताफा आहे. एवढेच. या चित्रातला दर्यावर्दी भाग म्हणजे दूर जाणाऱ्या त्या लहानशा जहाजांची रांग. घरात जे काही मोडके, झोपलेले आणि विझलेले आहे त्याच्या समोर उभी, ताठ डोलकाठ्यांची. दुसरा साक्षीदार पदातच आहे, म्हणून हा अर्थ मी बिनधास्त लावतो.

पाचच दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, गिलरेने याची जोडगोळी आणली. तिच्यात सर विल्यम चष्म्यातून वस्तू न्याहाळत उभा आहे. भिंतीवर क्लिओपात्रा म्हणजे एमा, मार्क अँटनी म्हणजे नेल्सन, उद्रेक पावणारा व्हेसुव्हियस आणि पाठ फिरवून उभा क्लॉडियस, म्हणजे स्वतः मालक. शिंगेही आहेत, ती शोधण्याचे काम वाचकाकडे सोपवतो.

सातवी पायरी: फटका कोणाला बसतो

अर्थ लागला की एक प्रश्न वहीत वेगळ्या ओळीवर लिहावा: हे चित्र कोणाच्या जिवावर हसते? पुष्कळदा चित्र पुरुषाची थट्टा करते असे वाटते आणि घाण मात्र बाईवर पडते. डोरा जॉर्डनने त्या ड्यूकला दहा मुले दिली, वीस वर्षे संसार केला आणि नाटकांतून पैसेही कमावले. १८११ मध्ये तो वेगळा झाला आणि १८१६ मध्ये ती फ्रान्समध्ये हलाखीत वारली. चित्रांत ती भांडेच राहिली. गिलरेच्या १७८८ मधील ‘वाउस्की’ या चित्रात हाच राजपुत्र झुल्यासारख्या बिछान्यात एका कृष्णवर्णीय स्त्रीला कवटाळून आहे. त्यातला विनोद तिच्या वर्णावर उभा आहे, आणि वेस्ट इंडीजमधल्या गुलामगिरीच्या काळात तो कोणत्या खुर्चीत बसून केला गेला, हे सांगितल्याशिवाय ते चित्र कोणालाही दाखवू नये, असे माझे मत आहे.

आठवी पायरी: मराठीत आणणे

अर्थ कळला असे म्हणणे वेगळे आणि तो मराठीत सांगता येणे वेगळे. चिलमीचे वाक्य सुदैवाने जसेच्या तसे येते. नटलेल्या फ्रिगेटसाठी ‘शिडे चढवून नटलेले गलबत’ चालते. फ्रिगेटला गुराब म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. आंग्र्यांच्या आरमाराची आठवण त्या शब्दाला इतकी घट्ट चिकटली आहे की बाई बाजूला राहून डोळ्यांसमोर कुलाब्याचा किल्ला उभा राहतो. लबर्स होलला मी ‘अडाण्याचे भोक’ म्हणून पाहिले. चावटपणा टिकला पण डोलकाठी गेली. अशा वेळी भाषांतर न करता एका वाक्यात जहाज समजावून मूळ शब्द तसाच ठेवावा. ‘द डेव्हिल टू पे’ला अजून काही सापडलेले नाही.

विकत घेणाऱ्यांसाठी

या चित्रांची किंमत त्या काळी साधारणपणे साध्या प्रतीला एक आणि रंगीत प्रतीला दोन शिलिंगच्या घरात असे. ज्यांना तेवढे परवडत नसे किंवा घरात ठेवायची सोय नसे त्यांना फोर्सकडून संध्याकाळपुरती चित्रांची चोपडी भाड्यानेही मिळे. आज लिलावात एखादी प्रत दिसली तर आधी कागद उलटा करावा. गिलरेचे तांब्याचे मूळ पत्रे पुढे हेन्री बोन या प्रकाशकाकडे गेले आणि त्याने १८५१ च्या सुमारास ते जाड कागदावर, बिनरंगी, पुष्कळदा कागदाच्या दोन्ही बाजूंना छापले. मागे दुसरे चित्र असेल तर प्रत त्याची समजावी. नेल्सनचा कोणता हात नाही हेही पाहावे. उजवी बाही रिकामी असायला हवी. डावी असेल तर ती कोणीतरी चित्रावरून पत्र्यावर सरळ उतरवलेली, छापताना उलटी झालेली नक्कल असण्याचा संभव आहे. आणि बोनच्या संचात आपल्या विषयाची चित्रे सापडली नाहीत तर निराश होऊ नये: त्याने त्यांतली पंचेचाळीस ‘दडपलेली चित्रे’ म्हणून वेगळ्या खंडात विकली, तो खंड स्वतंत्र मागावा लागतो.